ललितच्या राजीनाम्यातल्या त्रुटी

आमच्या ऑफिसात कुणीही रिटायर झालं की साहेब एकच भाषण करतात. साहेब बदलतात, भाषण बदलत नाही. यांनी नोकरीला नोकरी मानलं नाही, पूजा मानलं, असं ते असतं. आवक-जावकच्या टेबलावर बसून एकोणीस वर्षांत मी असे एकवीस पुजारी घरी जाताना पाहिले. त्यातले निम्मे दुपारी तीननंतर जागेवर सापडत नसत. भाषणानंतर शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. मग माणसाच्या डोक्याला फेटा बांधायचा, त्याला उघड्या जीपमध्ये उभं करायचं आणि लालबागमधल्या ऑफिसपासून त्याच्या घरापर्यंत ढोल वाजवत मिरवत न्यायचं. घरी बायको ओवाळते, मग सगळ्यांना दाल-बाफले आणि मावा जलेबी. मध्य प्रदेशातल्या आमच्या बुऱ्हाणपुरात असं मिरवतात ते नवरदेवाला आणि रिटायर होणाऱ्याला. उद्यापासून काय करायचं ते दोघांनाही नीट माहीत नसतं.

ऑफिस कुठल्या खात्याचं ते मी सांगणार नाही, मला तिथे अजून अकरा वर्षं काढायची आहेत.

नंदकुमार आमचे बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. ते स्थापना शाखेत होते, म्हणजे आम्ही लोकांची कामं करायची आणि त्यांनी आमची. कुणाची किती रजा उरली, कुणाची वेतनवाढ कधी, कोण कोणत्या तारखेला रिटायर होणार, सगळं त्यांच्याकडे. अक्षर असं की कागद फाडून टाकायलाही जीव होऊ नये. अडतीस वर्षांत त्यांच्या हातून एक चूक झाली नव्हती, आणि अडतीस वर्षांत त्यांनी नोकरीबद्दल एक चांगला शब्द काढला नव्हता. सकाळी खुर्ची ओढता ओढताच सुरू व्हायचे, "काय नोकरी आहे ही." ते ऐकल्यावर आम्हाला कळायचं की साडेदहा वाजले.

माझं मला कुणी विचारत नाही, पण मला माझं काम आवडतं. आलेला कागद घ्यायचा, नंबर टाकायचा, पुढे पाठवायचा. माझ्याकडे काही साचत नाही. नोकरी मला नवऱ्याच्या जागेवर लागली, तो गेल्यावर, अनुकंपेवर. त्यामुळे आवडते असं मोठ्याने म्हणायची मला लाज वाटते.

बडे बाबूंचा निरोप समारंभ ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी झाला. भूपेंद्र साहेबांनी पूजेचं भाषण केलं. मग बडे बाबू उठले. एरवी उठणारा माणूस दोन शब्द बोलतो, गळा दाटून येतो आणि बसतो. बडे बाबूंचा गळा चांगला मोकळा होता.

"साहेबांनी पूजा म्हटलं," ते म्हणाले. "पूजा वगैरे काही नव्हतं ते. मला या कामात एक दिवस समाधान मिळालं नाही. दुसऱ्यांच्या रजा मोजण्यात माझं आयुष्य गेलं. दर महिन्याला वाटायचं, सोडून द्यावं. सोडलं नाही, कारण भीती वाटायची. तरुण मुलांना एवढंच सांगतो, मन लागत नसेल तर वेळेवर निघा. फेटा बांधेपर्यंत थांबू नका."

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण तिथे टाळ्या वाजवायची सवय आहे. साहेब हिंदीत म्हणाले की बहुत मार्मिक बोले. माझ्या मात्र डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्या खोलीत कुणी पहिल्यांदा खरं बोललं होतं, आणि माणूस किती धीराचा आहे असं मला वाटलं. जाता जाता धीर दाखवायला फारसं काही लागत नाही, हा विचार मला तेव्हा सुचला नाही. मागच्या रांगेत आमचा तरुण बाबू ललित बसला होता. त्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. जेवायलाही तो थांबला नाही.

मिरवणूक राजपुऱ्यात गेली. मीही तिथलीच, त्यांच्या घरापासून दुसऱ्या गल्लीत राहते. सुनंदावहिनींनी ओवाळलं, जलेबी पुरून उरली.

अकरा दिवसांनी चूक सापडली.

बडे बाबूंनी पेन्शनचे स्वतःचे कागद मुद्दाम शेवटी ठेवले होते, सावकाश आणि सुंदर करू म्हणून. ते कॉम्प्युटरवर चढवायला आमचा ऑपरेटर निलेश बसला, तर मशीन काही केल्या घेईना. या कर्मचाऱ्याला अजून एक वर्ष बाकी आहे, असं ते सांगत होतं. निलेशने मशीन बंद करून चालू केलं. तरीही एक वर्ष बाकीच.

झालं होतं असं. बडे बाबूंच्या आईने, मनकर्णाकाकूंनी, त्यांना शाळेत घालताना वय एक वर्ष कमी सांगितलं होतं. त्या काळी सगळेच सांगत. पुढे पोराला सरकारी नोकरी लागली तर शेवटी एक वर्ष जास्त मिळेल, एवढा लांबचा विचार या भागातल्या बायांनी पोर सहा वर्षांचं असताना केलेला असतो. घरी मात्र काकू दर वाढदिवसाला खरं वर्ष मोजून ओवाळायच्या, आणि बडे बाबूंच्या मनात तेच बसलं. रिटायर होणाऱ्यांची यादी करताना ते प्रत्येकाचं सेवापुस्तक उघडून तारीख बघायचे. स्वतःचं उघडायची गरज त्यांना वाटली नाही. आपण कधी जन्मलो ते माणसाला माहीत असतंच. त्यांनी तोंडपाठ तारीख टाकली, साहेबांनी विश्वासाने सही केली, आणि आम्ही एका माणसाला वर्षभर आधीच ढोल वाजवून घरी सोडून आलो.

साहेबांनी सुचवलं की आता झालंच आहे तर स्वेच्छानिवृत्ती घ्या, मान राहील. तो नियम बडे बाबूंना कलमासकट पाठ होता. पण ते म्हणाले, वर्षभराचा पगार हा आवडीनिवडीचा विषय नाही. दुसऱ्या दिवशी ते आले. स्वतःच्या निवृत्तीचा आदेश रद्द करणारा आदेश त्यांनी स्वतःच लिहिला, तोही सुंदर अक्षरात, आणि मधले अकरा दिवस स्वतःच्याच रजेतून कापले. भेट मिळालेलं घड्याळ पिशवीतून परत आणून त्यांनी शाखेच्या भिंतीवर टांगलं. पुढच्या वर्षी नवीन आणू नका, म्हणाले.

पहिले दोन दिवस त्यांच्याशी कसं वागायचं ते कुणाला सुचेना. नोकरीवर थुंकून गेलेला माणूस त्याच नोकरीत चहा पीत बसला होता. कुणी हसायचं धाडस करत नव्हतं, कारण आमच्या सगळ्यांच्या रजा त्यांच्याच हातात होत्या.

आणि त्यांच्या टेबलावर सगळ्यात वर ललितचा राजीनामा होता.

ललित निंबोल्याचा. वय अठ्ठावीस, परीक्षा देऊन लागलेला, पाच वर्षं झालेली, पक्की नोकरी. घरची चौदा एकर केळी. रोज पहाटे उठून बागेत जायचा, दोन तास काम करायचा आणि मग मोटारसायकलवर ऑफिसात यायचा. त्याच्या एकूण एक शर्टावर केळीच्या चिकाचे काळे डाग. ते कशानेही निघत नाहीत. कामात वाईट नव्हता, पण बसलेला असायचा ते बस चुकलेल्या माणसासारखा. केळीचा विषय काढला की तोच मुलगा अर्धा तास बोलायचा. कुठल्या रोपाला किती पानं, कुठला घड किती दिवसांनी कापायचा. ऐकणारा कंटाळून निघून गेला तरी त्याला कळायचं नाही.

राजीनामा त्याने भाषणानंतर चौथ्या दिवशी माझ्याकडे आणून दिला. मी त्याला समजावलं. तो म्हणाला, "ताई, पाच साल मला वाटायचं की खोट माझ्यातच आहे. काका बोलले तेव्हा कळलं, सगळ्यांना तसंच वाटतं. फक्त कोणी निघत नाही." मी नंबर टाकला आणि कागद स्थापना शाखेत ठेवून दिला. खुर्ची रिकामी होती म्हणून तो तसाच पडून राहिला.

बडे बाबूंनी तो कागद तीनदा वाचला. आमच्याकडे सगळी लिखापढी हिंदीत असते. ललितने लिहिलं होतं, आदरणीय नंदकुमारजी के उद्बोधन से प्रेरित होकर मैं अपने पद से त्यागपत्र देता हूँ. त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्या टेबलाशी आले. हे तुम्ही आवक का केलं, असं मला विचारलं. मी म्हटलं, आलेला कागद आवक करतात. मग त्यांनी ललितला बोलावलं.

"अरे, मी जाता जाता बोललो ते," बडे बाबू म्हणाले.

"म्हणूनच तर खरं बोललात ना, काका," ललित म्हणाला.

यावर त्यांच्याकडे नियम नव्हता.

त्याच आठवड्यात ललितचे वडील आले. कौतिकभाऊ. केळीचा एक घड दरवाजाशी टेकवून ठेवला आणि बडे बाबूंच्या समोर उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. ललितचं लग्न ठरलं होतं. मुलगी मोनाली, लालबागच्या एका शाळेत शिकवते. तिचे वडील बँकेत. लग्न माघात. आता हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बाहेरच्याला सांगावं लागतं. कौतिकभाऊंकडे ट्रॅक्टर आहे, दुमजली घर आहे, दारात गाडी आहे, आणि तरी नुसत्या केळीवाल्या मुलाला त्यांच्या समाजात मुलगी मिळत नाही. पक्क्या नोकरीतल्या शिपायाला तीन-तीन स्थळं सांगून येतात.

"बाबूजी, तुमच्या भाषनानं माह्या पोराचं डोकं फिरलं," कौतिकभाऊ म्हणाले. "आता तुम्हीच निस्तरा. लगीन होईपर्यंत कागद दाबून ठेवा. केयीवाल्याले कोनी पोरगी देत नही."

बडे बाबूंनी राजीनामा पुन्हा फाईलला लावला. मग म्हणाले, "दाबून ठेवणं नियमात बसत नाही. नियमात काय बसतं ते बघतो."

तिसऱ्या दिवशी पहिली त्रुटी निघाली. ज्यांनी सरकारी ऑफिस पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कागद फेटाळायचा नसेल आणि मंजूरही करायचा नसेल तेव्हा त्यात त्रुटी काढतात. त्रुटी म्हणजे उणीव. ती पूर्ण करून माणूस परत येतो, तोवर दुसरी तयार असते. ललितचा अर्ज विहित नमुन्यात नाही, असं बडे बाबूंनी लिहिलं. ललितने नमुना मागितला. नमुना नव्हता. मग नमुना उपलब्ध नसल्याचं पत्र मिळवण्यासाठी त्याला वरिष्ठ ऑफिसला लिहावं लागलं, त्यात पंधरा दिवस गेले. मग २०२१ मध्ये त्याच्या नावावर दिलेला एक स्टेपलर निघाला, जो त्याने जमा केला नव्हता. दोन दिवस शोधून तो साहेबांच्याच टेबलावर सापडला. मग ग्रंथालयाचं काही देणं नसल्याचा दाखला हवा होता. आमच्याकडे ग्रंथालय नाही. तेव्हा ग्रंथालय नसल्याचा दाखला हवा झाला. तो कोण देणार यावर बडे बाबूंनी दीड पानाची टीप लिहिली. मी ती जावक करताना वाचली, आणि खरं सांगते, त्या माणसाने अडतीस वर्षांत इतकं सुरेख काही लिहिलं नव्हतं.

ते बदलले. ऑफिसात पावणेदहाला यायला लागले. कपाटावरचे जुने नियमसंग्रह खाली काढले, धूळ झटकली, खुणेच्या चिठ्ठ्या घातल्या. काम करता करता गुणगुणायचे. डबा उघडला की आधी आम्हाला वाढायचे. सकाळचं ते "काय नोकरी आहे ही" कधी बंद झालं ते आमच्या लक्षातही आलं नाही, फक्त साडेदहा वाजल्याचं कळेनासं झालं. साहेब मला म्हणाले, बडे बाबू रिटायर होऊन आल्यापासून अगदी नवीन भरती झाल्यासारखे वाटतात.

कारण मला दिसत होतं. आजवर त्यांनी मोजलेल्या रजा त्यांनी मोजल्या नसत्या तर दुसऱ्या कुणी मोजल्या असत्या. हे काम मात्र फक्त त्यांनाच येत होतं. एका पोराचं घर, लग्न, बापाची मान, सगळं त्यांच्या पेनावर उभं होतं. अडवण्यात माणसाला इतका आनंद मिळत असेल हे मला पटायला जड गेलं, पण मी तो रोज समोर बघत होते. आणि ते अडवत होते चांगल्यासाठी, म्हणजे मनाला टोचणीही नाही.

ललितही काही कमी नव्हता. प्रत्येक त्रुटीला उत्तर द्यायचं म्हणून तो नियम वाचायला लागला. संध्याकाळी सात-सात वाजेपर्यंत बसायचा. टिपा लिहायला शिकला, कलमं पाठ केली, वरिष्ठ ऑफिसात कुणाला फोन केला की कागद हलतो ते शोधून काढलं. दोघांचं कागदावरचं भांडण इतकं रंगलं की बाकीचे लोक आपापल्या अडचणी घेऊन ललितकडे यायला लागले. राजीनामा मंजूर व्हावा म्हणून तो आमच्या ऑफिसातला सगळ्यात चांगला बाबू झाला. साहेबांनी त्याच्या गोपनीय अहवालात उत्कृष्ट लिहिलं. कौतिकभाऊ एकदा येऊन गेले, बडे बाबूंचे हात हातात घेऊन निघून गेले, आणि त्या वेळी दोघंही समाधानी दिसत होते.

फक्त ललितच्या शर्टावर नवे डाग दिसेनात. पहाटेची वेळ आता उत्तरं लिहिण्यात जात होती. बागेत गडीमाणसं होती, तो जात नव्हता. केळीचं कुणी विचारलं तर ठीक आहे म्हणायचा आणि कागद ओढून घ्यायचा. डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी तो आला, खुर्ची ओढली आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "काय नोकरी आहे ही."

मी घड्याळाकडे बघितलं. साडेदहा वाजले होते.

त्या दिवशी मला बडे बाबूंचा फार राग आला. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना सांगितलं की आता पुरे, त्याला सोडा. ते हसले. असे हसताना मी त्यांना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"कविताताई, माझ्याकडे अजून तीन त्रुटी शिल्लक आहेत," ते म्हणाले. "माघ सहज निघतो."

पण माघाच्या आधी मोनाली आली. त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती, दुपारी एकच्या सुमाराला. खांद्याला पर्स, हातात तपासायच्या वह्यांची पिशवी. दारात कुणाला तरी विचारून सरळ बडे बाबूंच्या टेबलाशी गेली आणि मी ललितची होणारी, असं सांगितलं. ललित तेव्हा बाहेर होता. बडे बाबूंनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. त्यांना वाटलं ती हात जोडायला आली आहे. त्यांनी तिला धीर दिला की काळजी करू नकोस बेटा, लग्न होईपर्यंत हा कागद इथून हलत नाही.

"काका, माझ्यासाठी थांबवला असेल तर सोडून द्या," मोनाली म्हणाली.

बडे बाबूंनी तिला समजावलं. तुझ्या वडिलांनी नोकरी बघून मुलगी दिली आहे, शेतीत आज आहे आणि उद्या नाही, एका वादळात बाग आडवी होते, मग रडायची वेळ येईल. सगळं बरोबर होतं ते. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माझे पप्पा बत्तीस वर्षांपासून बँकेत आहेत," ती म्हणाली. "पगार चांगला आहे, कशाची कमी नाही. सहा वाजता त्यांची गाडी वाजली की मम्मी टीव्ही बंद करते. मी आणि भाऊ आतल्या खोलीत जातो. ते मारत नाहीत, ओरडत पण नाहीत. फक्त वैतागलेले असतात. रोज. लहानपणी मला वाटायचं आमचंच काही चुकतं. पप्पांना मी समजावीन काका, ते माझ्यावर सोडा. पण तसं घर मला परत नको."

तिचा आवाज चढला नव्हता, मुलांना गणित समजावून सांगावं तसं ती बोलत होती. चहा आला तो तिने घेतला, कप खाली ठेवला, त्यांना वाकून नमस्कार केला आणि वह्यांची पिशवी उचलून निघून गेली.

मी माझ्या रजिस्टरात डोकं घातलं, पण नंबर काही टाकले नाहीत. थोड्या वेळाने बडे बाबूंनी ललितची फाईल ओढली आणि पहिल्या पानापासून चाळली. जाडजूड झाली होती ती. शेवटी मूळ अर्जावर येऊन थांबले. ललित आल्यावर त्यांनी त्याला बोलावून सांगितलं की एकच त्रुटी राहिली आहे. राजीनामा स्वतःच्या इच्छेने द्यायचा असतो, दुसऱ्याच्या भाषणाने प्रेरित होऊन दिलेला चालत नाही. हा अर्ज बदलून आण.

ललितने ही आणखी एक अडवणूक समजून तिथेच उभ्या उभ्या नवा कागद घेतला. दोन ओळी लिहिल्या. मैं स्वेच्छा से अपने पद से त्यागपत्र देता हूँ. नंदकुमारजी, उद्बोधन, प्रेरणा, सगळं गेलं. बडे बाबूंनी तो कागद वाचला. अर्ज आता बिनचूक होता, आणि त्यांचं त्यात कुठेही नाव नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला तो मी पाहिला.

मग त्यांनी टीप लिहिली. एकाच ओळीची. सर्व त्रुटी पूर्ण, मंजुरीसाठी सादर. स्वतः फाईल घेऊन साहेबांकडे गेले. चार वाजता सही झाली. मी जावक नंबर टाकला आणि आदेशाची प्रत ललितच्या हातात दिली. तो ती प्रत धरून उभाच राहिला. तीन महिने ज्याच्याशी लढत होता तेच संपलं होतं, त्यामुळे आता कुठे जायचं ते त्याला क्षणभर सुचलं नसावं. मग त्याने बडे बाबूंचे पाय धरले. बडे बाबू म्हणाले, जा, अजून उजेड आहे, बागेत जाऊन ये. पाच वाजेपर्यंत ते हातावर हात ठेवून बसले. नियमसंग्रह त्यांनी परत कपाटावर चढवले.

संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. सुनंदावहिनींनी दराबा, म्हणजे आमच्याकडचं रवा-तुपाचं गोड, केला होता, त्यासाठी माझी चाळण नेली होती, ती आणायची होती. खरं तर चाळण उद्या आणली असती तरी चाललं असतं. मला बडे बाबूंना बघायचं होतं. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बसवलं आणि वाटीत दराबा दिला. खूप बोलत होत्या. त्यांची मुलगी कुसुम सुट्टीत येणार होती, यांनी म्हणे स्वतःहून सगळ्यांना ओंकारेश्वरला न्यायचं काढलं होतं. इतक्या वर्षांत कधी काढलं नव्हतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

तेवढ्यात बडे बाबू आले. चपला काढायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. मला बघून मान हलवली आणि बाहेरच्या खोलीत पलंगावर बसले. वहिनी पाणी घेऊन गेल्या. मला दारातून दोघं दिसत होते.

वहिनींनी विचारलं, आज काय झालं. ते म्हणाले, काही नाही, एका पोराचं काम करून दिलं. मग चांगलंच झालं की, वहिनी म्हणाल्या. हो, चांगलं झालं, ते म्हणाले. मग पाणी न पिताच पेला हातात धरून बसले.

"सुनंदा," ते म्हणाले, "मी रोज वैतागून घरी यायचो का?"

वहिनींनी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. काय बघितलं कोण जाणे. पदराला हात पुसायला लागल्या, हात कोरडे होते तरी.

"गेले तीन महिने नाही आलात," त्या म्हणाल्या.

मग त्या आत आल्या, माझी चाळण धुऊन माझ्या हातात दिली, आणि कुसुमला ओंकारेश्वरचं इतक्यात सांगू नका बरं का, असं मला हळू आवाजात म्हणाल्या.